पाहुणा, रुग्ण आणि देयक : परदेशी अभ्यागतांच्या तातडीच्या उपचारखर्चाच्या प्रश्नाची चिकित्सा

प्रस्तावना

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, सेवेचा खर्च मुख्यतः सार्वजनिक करांतून भागवावयाचा आणि उपचार ऐपतीनुसार नव्हे तर गरजेनुसार द्यावयाचा, ही या सेवेची मूलतत्त्वे होत. सेवा सुरू झाल्यानंतर थोड्याच अवधीत तिच्यासमोर एक प्रश्न उभा राहिला आणि तो अद्याप मिटलेला नाही. जो या देशाचा रहिवासी नाही, ज्याने येथे प्राप्तिकर भरलेला नाही, जो काही आठवड्यांसाठी आला आहे, तो अकस्मात आजारी पडला किंवा अपघातात सापडला, तर त्याच्या उपचाराचा खर्च कोणी सोसावा?

हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. वस्तुतः त्यात कल्याणकारी राज्याच्या सीमेचा प्रश्न दडलेला आहे. राज्याची करुणा कोठपर्यंत पोहोचावी, हे ठरविण्याची वेळ तातडीच्या उपचारात येते, कारण तेथे रुग्णाला थांबता येत नाही, पर्याय शोधता येत नाहीत आणि दराची घासाघीस करता येत नाही. महाराष्ट्रातील वाचकांनाही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथील अनेक कुटुंबांतील मुले-मुली इंग्लंडमध्ये नोकरी वा शिक्षणासाठी असतात आणि त्यांचे वृद्ध आईवडील अभ्यागत म्हणून त्यांच्याकडे जातात. ब्रिटनचा काही देशांशी परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे. भारत त्या देशांत नाही.

प्रस्तुत लेखात ब्रिटिश आरोग्य सेवेचे शिल्पकार अनायरिन बेव्हन यांनी या प्रश्नावर केलेला युक्तिवाद आणि इंग्लंडमधील पुढील काळातील शुल्कनियम यांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. आरोग्याचा विषय स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील सरकारांकडे स्वतंत्रपणे असल्यामुळे १९८२ नंतरच्या नियमांचे विवेचन इंग्लंडपुरते मर्यादित ठेवले आहे.

बेव्हन यांचा युक्तिवाद

बेव्हन १९४५ पासून जानेवारी १९५१ पर्यंत आरोग्यमंत्री होते. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन प्लेस ऑफ फिअर’ या ग्रंथातील मोफत आरोग्य सेवेविषयीच्या प्रकरणात त्यांनी परदेशी अभ्यागतांच्या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. त्यांचे प्रतिपादन तीन मुद्द्यांत सांगता येईल. पहिला मुद्दा असा की, अभ्यागत ब्रिटनमध्ये काही खरेदी करू लागताच अप्रत्यक्ष करांच्या रूपाने सरकारी तिजोरीत भर घालू लागतो. आरोग्य सेवेसाठी थेट वर्गणी तो देत नसला तरी ब्रिटिश नागरिकही तशी वर्गणी देत नाही. दुसरा मुद्दा ओळखीचा. परदेशी कोण हे ठरवावयाचे तर स्वदेशी कोण हेही ठरवावे लागेल आणि मग प्रत्येक नागरिकाला आपण पाहुणे नाही याचा पुरावा बाळगावा लागेल. तिसरा मुद्दा खर्चाचा. अभ्यागतही रहिवाशांइतकीच सेवा वापरतात असे गृहीत धरून काढलेला खर्च वर्षाला सुमारे दोन लाख पौंड भरतो. सेवेच्या ३९ कोटी ९० लाख पौंडांच्या एकूण खर्चात तो नगण्य आहे.

यांपैकी दुसऱ्या मुद्द्याला तत्कालीन अनुभवाची धार होती. १९३९ साली युद्धामुळे सुरू झालेली ओळखपत्रांची पद्धत फेब्रुवारी १९५२ मध्ये रद्द झाली. ओळखपत्रांच्या जाचातून नुकत्याच सुटलेल्या, किंवा सुटू पाहणाऱ्या, वाचकाला रुग्णालयाच्या दारात पुन्हा कागद दाखविण्याची कल्पना रुचणे शक्य नव्हते. औदार्य आणि सोय येथे एकाच दिशेने जातात, असा बेव्हन यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

मात्र बेव्हन यांची भूमिका जितकी निःसंदिग्ध वाटते तितकी ती व्यवहारात नव्हती. ते मंत्री असतानाच, १९४९ च्या दुरुस्ती कायद्याने, देशात सामान्यतः निवासी नसलेल्या व्यक्तींकडून शुल्क आकारण्याचा अधिकार सरकारला दिला होता. हा अधिकार तीन दशकांहून अधिक काळ वापरला गेला नाही. त्याखालील नियम १९८२ साली अमलात आले. म्हणजे १९८२ नंतरच्या सरकारांनी मूळ इमारतीला नवे दार पाडले असे म्हणता येत नाही. दार आधीच ठेवलेले होते, ते बंद होते इतकेच.

बेव्हन यांच्या तीनही मुद्द्यांची तार्किक तपासणी केली असता असे दिसते की, त्यांतील एकही मुद्दा तत्त्वाचा नाही. अप्रत्यक्ष कराचा मुद्दा तर त्यांच्या मूळ भूमिकेशी विसंगत आहे. खरेदी करणारा अभ्यागत उपचारास पात्र ठरत असेल, तर विमानतळावर उतरताक्षणी कोसळलेला अभ्यागत, ज्याने अद्याप चहाचा पेलाही विकत घेतलेला नाही, तो अपात्र ठरावा काय? उपचार गरजेनुसार द्यावयाचा असेल तर भरण्याचा पुरावा, अगदी अप्रत्यक्ष भरण्याचाही, अप्रस्तुत ठरतो. खर्चाचा मुद्दा प्रमाणावर अवलंबून आहे. २०१९ साली परदेशस्थांनी ब्रिटनला दिलेल्या भेटींची संख्या सुमारे चार कोटी होती. बेव्हन यांच्या काळी अशा संख्येची कल्पनाही कोणी केली नसती. जे तत्त्व केवळ स्वस्त आहे म्हणून पाळले जाते ते महाग होताच सोडले जाते. ओळखीचा मुद्दा प्रशासकीय अडचणीचा आहे आणि संगणकीय नोंदींच्या युगात अशा अडचणी कमी होत जातात. औदार्य आणि सोय यांच्या दिशा वेगळ्या झाल्या तर कोणाची बाजू घ्यावयाची, याचे उत्तर या तीन मुद्द्यांत मिळत नाही.

ते उत्तर ग्रंथाच्या शीर्षकात सापडते. आजारपणाच्या दुःखात पैशाच्या भीतीची भर पडू नये, भीतीच्या जागी काही दुसरे यावे, हे या ग्रंथाचे मूळ सूत्र होय. अभ्यागतांच्या प्रश्नावर लिहिताना मात्र बेव्हन यांनी हे सूत्र बाजूला ठेवून हिशेब आणि सोय यांचा आधार घेतला. त्यामुळे त्यांच्या विरोधकांनाही पुढे हिशेब आणि सोय यांच्याच भाषेत उत्तर देणे सोपे झाले.

‘परदेशी’ या शब्दाची व्याप्ती

इंग्लंडच्या नियमांत ज्याला ‘परदेशी अभ्यागत’ म्हटले आहे तो परदेशी नागरिक असतोच असे नाही. जो देशात सामान्यतः निवासी नाही तो अभ्यागत, अशी मूळ योजना आहे. परदेशात कायमचा स्थायिक झालेला ब्रिटिश नागरिक मायदेशी फेरी मारण्यास आला आणि आजारी पडला, तर तोही शुल्कपात्र ठरू शकतो. ‘सामान्यतः निवासी’ या संज्ञेचा अर्थ हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८२ च्या डिसेंबरमध्ये शाह विरुद्ध बार्नेट या खटल्यात स्पष्ट केला. तो खटला आरोग्याचा नव्हता, विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शैक्षणिक अनुदानाचा होता. स्वेच्छेने आणि स्थिर हेतूने, जीवनक्रमाचा नित्य भाग म्हणून केलेले वास्तव्य, मग ते अल्पकाळाचे असो वा दीर्घकाळाचे, असा तो अर्थ होता. या व्याख्येनुसार तेथे शिकणारा वा नोकरी करणारा भारतीय निवासी ठरत असे. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने ही व्याप्ती आकुंचित केली आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी नसलेल्यांना ‘सामान्यतः निवासी’ या कक्षेबाहेर काढले.

त्यानंतर एप्रिल २०१५ पासून दोन वेगळ्या वाटा निर्माण झाल्या. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी येणाऱ्या विद्यार्थी व नोकरदारांवर व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभार बसविण्यात आला. आरंभी तो वर्षाला २०० पौंड होता; फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रौढांसाठी १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड करण्यात आला. हा अधिभार भरलेल्या व्यक्तीकडे रुग्णालयात शुल्क मागितले जात नाही. अल्पकाळासाठी येणाऱ्या अभ्यागताला मात्र अधिभार नाही. त्याच्यासाठी रुग्णालयाचे देयक आहे, आणि ते राष्ट्रीय दराच्या १५० टक्के आहे. परिणामी एकाच घरात राहणाऱ्या मुलाचा आणि त्याला भेटण्यास आलेल्या वडिलांचा एकाच आजाराबद्दलचा अनुभव सर्वस्वी भिन्न असू शकतो. दोघेही भारतीय नागरिकच असतात. एकाने आधी पैसे भरलेले असतात, दुसऱ्याला ते आजारपणात भरावे लागतात.

मोफत आणि सशुल्क यांमधील रेषा

इंग्लंडमध्ये तातडीचा उपचार सर्वांना मोफत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतः खरा आहे. अपघात व तातडी विभागातील सेवा अभ्यागतालाही मोफत मिळते, परंतु रुग्ण आंतररुग्ण म्हणून दाखल होण्याच्या क्षणी ही सवलत संपते. दाखल झाल्यानंतरचा उपचार, मग तो अतिदक्षता विभागातील का असेना, सशुल्क असतो. म्हणजे प्रकृतीची तातडी येथे निर्णायक मानलेली नाही. रुग्णालयीन प्रक्रियेतील टप्पा निर्णायक मानलेला आहे. मनगट मुरगळलेला पर्यटक तपासणी करून, पट्टी बांधून, एक पैसाही न देता बाहेर पडतो. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला वृद्ध दाखल होतो आणि त्याच्या नावे देयक तयार होते. तातडी जितकी मोठी तितकी मोफत सेवेची शक्यता कमी, असा विपरीत परिणाम या रचनेतून साधला जातो.

नियमांच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली पाहिजे. तत्काळ आवश्यक असलेला अथवा मायदेशी परतेपर्यंत लांबणीवर टाकता न येणारा उपचार पैशाअभावी नाकारू नये वा लांबवू नये, असे बंधन रुग्णालयांवर आहे. उपचाराची निकड किती हे डॉक्टर ठरवितात, आणि प्रसूतीविषयक सेवा नेहमीच तत्काळ आवश्यक मानली जाते. ऑक्टोबर २०१७ पासून आगाऊ वसुलीची जी सक्ती झाली ती ज्या उपचारासाठी थांबता येते त्यापुरतीच आहे. तेव्हा दारातून रुग्णाला परत पाठविण्याची मुभा हे नियम देत नाहीत. आधी उपचार, नंतर देयक, असा हा क्रम आहे आणि अनेकांना तो न्याय्य तडजोड वाटतो.

या तडजोडीचे गृहीतक असे की, देयक नंतर येत असल्यामुळे त्याचा परिणाम उपचारावर होत नाही. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. उदाहरणादाखल, नाशिकहून मुलीकडे आलेल्या एका वृद्ध आईची कल्पना करावी. रात्री तिच्या छातीत दुखू लागते. रुग्णालयात दाखल झाल्यास खर्च किती येईल हे मुलीला निश्चित ठाऊक नसते. मोठा येईल एवढे मात्र ठाऊक असते. प्रवासविमा उतरवलेला असतो, परंतु अनेक विमापत्रांत आधीपासूनच्या आजाराला संरक्षण नसते आणि आईला रक्तदाबाचा विकार जुनाच असतो. दोन महिन्यांहून अधिक काळ थकलेली ५०० पौंडांची वा त्यावरील रक्कम गृहखात्याला कळविली जाऊ शकते आणि तिच्यामुळे पुढील व्हिसा नाकारला जाऊ शकतो, हेही तिच्या कानावर आलेले असते. अशा वेळी आईच म्हणते, ‘पित्त झालं असेल, सकाळपर्यंत बघू.’ रुग्णालयाने तिला नाकारलेले नसते. ती रुग्णालयापर्यंत पोहोचलेलीच नसते. उपचार नाकारू नये हा नियम दाराच्या आत लागू होतो, तर देयकाची भीती दाराच्या बाहेर काम करते.

सूट आणि तिच्यातील कबुली

अशी भीती खरोखर काम करते काय, ही शंका घेतली जाऊ शकते. तिचे उत्तर शुल्कनियमांतच सापडते. क्षयरोगासह अनेक संसर्गजन्य रोगांचे निदान व उपचार या नियमांतून वगळलेले आहेत. एचआयव्हीच्या बाबतीत पूर्वी केवळ प्राथमिक चाचणी व समुपदेशन मोफत होते आणि उपचार सशुल्क होता. ऑक्टोबर २०१२ पासून उपचारही मोफत करण्यात आला. जानेवारी २०२० मध्ये कोविडचा समावेश या यादीत तातडीने केला गेला. शुल्काच्या धास्तीने रोगी पुढे येणार नाहीत आणि संसर्ग समाजात पसरेल, हे या सवलतींचे उघड कारण आहे.

ही सूट म्हणजे एक कबुली आहे. शुल्कामुळे रोगी उपचारापासून दूर राहत नसता तर सूट देण्याचे कारणच उरले नसते. शुल्क रुग्णाला परावृत्त करते हे राज्याला मान्य आहे. त्या परावृत्तीची झळ इतरांना बसणार असेल तर ती राज्याला नको आहे. झळ एकट्या अभ्यागताला बसणार असेल तर मात्र ती चालणार आहे. क्षयरोगी दारापर्यंत यावा म्हणून वाट मोकळी ठेवली जाते, परंतु हृदयविकाराच्या रुग्णाची वाट तशी ठेवली जात नाही, कारण हृदयविकार पसरत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा भेद समजण्यासारखा आहे. ज्या सेवेचा जन्म रुग्णाला भीतिमुक्त करण्यासाठी झाला तिच्या दृष्टीने मात्र तो समर्थनीय ठरत नाही. प्रस्तुत प्रश्नातील खरा नैतिक पेच हा आहे, आणि शुल्काच्या बाजूचे प्रतिपादन त्याला सहसा स्पर्श करीत नाही.

प्रतिपक्षाचे आक्षेप

शुल्काच्या बाजूने प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप उपचारार्थ होणाऱ्या प्रवासाचा. मोफत सेवेमुळे लोक मुद्दाम आजार घेऊन येतील, असे म्हटले जाते. २०१३ साली ब्रिटिश सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासात मुद्दाम उपचारासाठी येणारे आणि संधी मिळताच सेवेचा गैरलाभ घेणारे यांच्यावरील खर्चाचा अंदाज वर्षाला ११ कोटी ते २८ कोटी पौंड इतका व्यक्त झाला. अंदाज करणाऱ्यांनी त्यातील अनिश्चितता मान्य केली होती. सेवेचा त्या वेळचा वार्षिक खर्च सुमारे शंभर अब्ज पौंडांच्या घरात होता, म्हणजे हे प्रमाण हजारात एक ते तीन इतके पडते. सार्वजनिक चर्चेत मात्र त्याच अभ्यासातील सुमारे दोन अब्ज पौंडांचा आकडा गाजला. विद्यार्थी, तात्पुरते नोकरदार आणि अन्य परदेशस्थ यांनी केलेला नेहमीचा वापरही त्या आकड्यात धरलेला होता. गैरवापराचा आकडा आणि वापराचा आकडा यांची अशी सरमिसळ झाल्याने प्रश्नाचे स्वरूपच पालटते. शिवाय, ठरवून केलेला प्रवास हा मुख्यतः ज्या उपचारासाठी थांबता येते त्याच्याशी संबंधित असतो. अपघाताचे वा पक्षाघाताचे नियोजन करून कोणी विमानाचे तिकीट काढीत नाही.

दुसरा आक्षेप करदात्याचा. त्याचे वजन मान्य केले पाहिजे. जो समाज स्वतःच्या वृद्धांना शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने प्रतीक्षेत ठेवतो, त्याने पाहुण्याचा अमर्याद खर्च उचलावा असे म्हणणे सोपे नाही. पाहुणचाराचे औदार्य यजमानाच्या घरातील कोणाच्या तरी ताटातून जात असेल तर त्या कोणाचाही विचार व्हावयास हवा. परंतु या आक्षेपातून निष्पन्न होते ते एवढेच की, अभ्यागतांकडून पैसे यावेत. ते आजारी अभ्यागताकडून, आजारपणातच यावेत, हे त्यातून निष्पन्न होत नाही. व्यवहारतःही ती वसुली यशस्वी ठरलेली नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१६ च्या अहवालानुसार युरोपीय क्षेत्राबाहेरील अभ्यागतांच्या देयकांपैकी सुमारे निम्मी रक्कमच रुग्णालयांच्या हाती पडत होती. दरात ५० टक्के वाढ करून जे मिळत नाही ते मिळत नाहीच. मिळणारे मात्र अधिक भरडले जातात.

तिसरा आक्षेप असा की, ओळख पटविणे आता अवघड राहिलेले नाही, सबब बेव्हन यांची धास्ती कालबाह्य झाली आहे. २०१८ साली उघडकीस आलेल्या विंडरश प्रकरणाने या आक्षेपाला उत्तर दिले. कॅरिबियन बेटांतून दशकांपूर्वी कायदेशीर रीतीने आलेल्या अनेकांकडे वास्तव्याचे कागद नव्हते, म्हणून त्यांना नोकरी, घर आणि उपचार यांपासून वंचित व्हावे लागले. चार दशकांहून अधिक काळ लंडनमध्ये राहिलेल्या एका कर्करुग्णाकडे उपचारापूर्वी ५४,००० पौंडांची मागणी झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. तो उपचार तातडीच्या विभागातील नव्हता, हे खरे. परंतु पाहुणा शोधण्याची यंत्रणा रुग्णालयात बसविली की तिच्या चाळणीत घरचेही अडकतात, हे बेव्हन यांचे भाकीत त्यातून खरे ठरले. यंत्रे सुधारली तरी ज्यांच्याकडे कागद कमी असतात त्यांचे हाल संपत नाहीत.

भारतीय संदर्भ

या प्रश्नाचा एक छोटा प्रतिध्वनी महाराष्ट्र-गोवा सीमेवरही उमटला होता. जानेवारी २०१८ पासून बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू करण्यात आले. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ या भागांतील रुग्णांचा या रुग्णालयावर दीर्घकाळ भरवसा असल्यामुळे सिंधुदुर्गात त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. गोव्याचा करदाता आणि सीमेपलीकडचा रुग्ण यांच्यातील हा वाद स्वरूपाने इंग्लंडमधील वादाहून वेगळा नव्हता. मराठीत ‘परदेशी’ हा शब्द पूर्वी दुसऱ्या प्रांतातून आलेल्या माणसालाही लावला जाई. परकेपणाची रेषा समुद्रापलीकडेच असते असे नाही, ती दोन तालुक्यांच्या मधूनही जाऊ शकते.

भारतीय न्यायालयांनी तातडीच्या उपचाराचा पाया वेगळ्या ठिकाणी घातला आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली जखमी व्यक्तीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, प्रथम कर्तव्य ठरविले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग मानला गेला. हा अनुच्छेद ‘नागरिक’ हा शब्द वापरीत नाही. ‘व्यक्ती’ हा शब्द वापरतो. त्यामुळे जीविताचे संरक्षण भारतात आलेल्या परदेशस्थालाही लाभते. अर्थात, या तत्त्वामागे पुरेशा खाटा आणि पुरेसा पैसा उभा नसल्याने ते अनेकदा कागदावर राहते, हेही तितकेच खरे आहे.

पैशाच्या बाजूचे एक सूत्र मात्र येथे दिसते. २०२५ साली अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार मोटार अपघातातील बळीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार देण्याची तरतूद झाली. खर्चाचा भार जखमीच्या खिशावर न टाकता सामायिक निधीवर टाकणे हे तिचे तत्त्व आहे. न्यूझीलंडमध्ये अपघाती इजेच्या उपचाराला अभ्यागतांसह सर्वांना सार्वजनिक संरक्षण मिळते आणि वाहन-अपघातांच्या निधीचा काही भाग पेट्रोलवरील आकारातून येतो; भाड्याच्या मोटारीतून फिरणारा पर्यटक तो आकार नकळत भरतो. महाराष्ट्राच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. ब्रिटिश अमदानीत पंढरपूरसारख्या क्षेत्री यात्रेकरूंकडून कर घेतला जाई आणि स्वच्छता व आरोग्यव्यवस्थेचा खर्च हे त्याचे समर्थन असे. गरीब वारकऱ्यावरील तो बोजा आक्षेपार्ह होता. तथापि त्यातील एक विवेक ध्यानात घेण्यासारखा आहे : पैसे क्षेत्री येणाऱ्या सर्वांकडून थोडे थोडे घेतले जात, पटकीने आडव्या झालेल्या वारकऱ्याच्या उशाशी बसून नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘परदेशी अभ्यागताने पैसे द्यावेत काय?’ या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. अभ्यागतांच्या समूहाने खर्चाचा वाटा उचलावा काय, हा एक. आणि आजारी पडलेल्या अभ्यागताने तो उचलावा काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी देता येते, दुसऱ्याचे नकारार्थी द्यावे लागते. पाहुण्याने द्यावे, रुग्णाने देऊ नये.

२. बेव्हन यांची भूमिका टिकाऊ आहे, परंतु त्यांनी तिला दिलेले आधार टिकाऊ नाहीत. अप्रत्यक्ष कर आणि नगण्य खर्च यांपेक्षा भीतिमुक्तीचे त्यांचेच सूत्र या प्रश्नाला अधिक लागू पडते. संसर्गजन्य रोगांना दिलेली सूट हा त्या सूत्राचा राज्याने स्वतः दिलेला पुरावा होय.

३. ओळख पटवावयाची तर ती सीमेवर पटवावी, रुग्णालयात नव्हे. सीमेवर पारपत्र तपासले जातेच. शेंगेन क्षेत्रात व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसासाठी तशी अट नाही. ज्यांना व्हिसा लागत नाही अशा बहुतेक देशांच्या प्रवाशांसाठी ब्रिटनने इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना सुरू केला असून त्याचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १० वरून १६ पौंड करण्यात आले. वसुलीची यंत्रणा अशा रीतीने तयारच आहे. केवळ अंकगणित म्हणून पाहिल्यास, चार कोटी भेटींमागे प्रत्येकी ५ पौंड धरले तरी २० कोटी पौंड होतात. अशा निधीतून दाखल झालेल्या अभ्यागताच्या तातडीच्या उपचाराचा खर्च, आधीपासूनच्या आजारासह, भागविता यावा. ज्यासाठी थांबता येते त्या उपचाराला शुल्क राहण्यास प्रत्यवाय नाही.

४. या उपायाला मर्यादा आहेत. वास्तव्याचे कागद नसलेली माणसे कोणत्याही प्रवेशशुल्काच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि त्यांच्या तातडीच्या उपचाराचा भार समाजालाच उचलावा लागेल. तसेच प्रवेशशुल्क कालांतराने महसुलाचे साधन बनण्याचा धोका असतो. दशकाच्या आत पाचपट झालेला आरोग्य अधिभार त्याची साक्ष देतो. म्हणून असा निधी स्वतंत्र आणि त्याचा विनियोग उघड असणे अगत्याचे आहे.

कोणत्याही समाजाच्या आरोग्यव्यवस्थेची कसोटी तिच्या सभासदांना ती काय देते यावर लागतेच. परंतु जो सभासद नाही, ज्याला मतदानाचा हक्क नाही आणि जो उद्या निघून जाणार आहे, त्याच्या छातीत मध्यरात्री दुखू लागल्यावर त्याने सकाळपर्यंत थांबावे की न थांबावे, हे त्या व्यवस्थेच्या नियमांनी कसे ठरविले आहे, यावरही ती लागते. इंग्लंडच्या विद्यमान नियमांनी त्याला दार उघडे ठेवले आहे. त्या दारापर्यंत जाण्याचे धैर्यही त्याला मिळेल अशी व्यवस्था करणे बाकी आहे.